'वय झालं, सोसायचं' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज बायकांच्या ग्रुपवर फिरतोय, भिशीचा ग्रुप असो, सोसायटीचा असो नाहीतर माहेरच्यांचा, सगळीकडे तोच. पाळी गेल्यावर बाईने खालच्या अंगाची काळजी कशी घ्यायची असा विषय आहे आणि शेवटी प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा अशी विनंती. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की कोरडेपणा आणि जळजळ हे वयाचं आहे, सोसायचं. डॉक्टर देतात त्या हार्मोनच्या क्रीमने कॅन्सर होतो. रोज तुरटीच्या पाण्याने आतून धुवायचं. लघवी आवरत नसेल तर पाणी कमी प्यायचं. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर परत डाग दिसला तर ती उष्णता, सब्जाचं पाणी प्यायचं. या वयात नवऱ्याजवळ जाऊ नये. आणि सगळ्यावर कायमचा उपाय म्हणजे पिशवी काढून टाकणं, कारण पाळी गेली की तिचं काम संपलं.

मी बरीच वर्षं स्त्रीरोग ओपीडीत नर्स म्हणून काम करतेय. हा मेसेज ज्या पाठवतात त्या काळजीनेच पाठवतात हे मला माहितीये, त्यांच्यावर राग नाही. पण यातला एकेक सल्ला पाळून उशिरा आलेल्या बायका मी बघते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मेसेजमधला क्रम मी थोडा बदलणार आहे, कारण एक मुद्दा असा आहे की त्यात जिवाशी खेळ आहे.

डाग म्हणजे उष्णता. अजिबात नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात, आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं, कुणाचं आधी कुणाचं नंतर. त्या १२ महिन्यांनंतर रक्त दिसलं, थेंबभर असो, गुलाबी असो, तपकिरी असो, एकदाच दिसून थांबलेलं असो, तपासून घ्यायचंच. घाबरवायला सांगत नाहीये, अशा दहा बायकांमधल्या साधारण नऊजणींना कॅन्सर नसतो, आतली त्वचा पातळ झालेली असते किंवा एखादा पॉलिप, म्हणजे मांसाची छोटी वाढ, असते. पण उरलेल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो, आणि हा कॅन्सर झालेल्या साधारण ९० टक्के बायकांना अंगावरून रक्त जाण्याचं लक्षण दिसलेलं असतं. म्हणजे हा आजार बहुतेक वेळा स्वतःहून खबर देतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. ती खबर आपण उष्णता म्हणून सब्जाच्या ग्लासात बुडवायची का? सब्जा प्या, हरकत काही नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आतून सोनोग्राफी करतात, अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर सहसा बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तपासणी, करतात. वजन जास्त असेल, डायबिटीस असेल, किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तर मुळीच थांबू नका. आणि एकदा रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढच्या वेळी परत रक्त दिसलं तरी घरी बसू नका, परत जा.

कोरडेपणा वयाचा, सोसायचा. वयाचा आहे हे खरं, सोसायचा हे खोटं. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, पाळी गेल्यावर ते कमी झालं की योनीची त्वचा पातळ आणि नाजूक होते, ओलावा कमी होतो, आत राहणारे चांगले जंतू कमी होतात. हे जंतू आम्ल तयार करून आतला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ ते ४.५ ठेवत असतात, पाळी गेल्यावर तो ५ च्या वर जातो आणि मग इन्फेक्शनला वाट मिळते. लघवीची नळी आणि मूत्राशयसुद्धा इस्ट्रोजेनवरच पोसलेले, म्हणून जळजळ, सारखी लघवी, संबंधाच्या वेळी दुखणं, हे सगळं हातात हात घालून येतं. २०१४ पासून डॉक्टर या सगळ्याला मिळून एकच नाव देतात, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, म्हणजे पाळी गेल्यामुळे (मेनोपॉजमुळे) होणारा योनीचा आणि लघवीच्या मार्गाचा त्रास. जवळपास निम्म्या बायकांना याचा कमीजास्त त्रास होतो. आणि सोसा म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं, अंगातून गरम वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांत कमी होतं, पण हा त्रास उपचार नाही केला तर तसाच राहतो किंवा वाढत जातो. सोसून संपणारा हा प्रकारच नाही.

ओपीडीत बाई येते ती गुडघेदुखी, बीपी, झोप नाही असं सगळं सांगते, डॉक्टर लिहून देतात, आणि केसपेपर घडी करून पिशवीत ठेवता ठेवता माझ्याकडे बघून हळूच म्हणते, "सिस्टर, एक विचारू का, बसलं तरी खाली जळजळतं हो." किती दिवस झाले विचारलं तर उत्तर येतं तीन वर्षं. तीन वर्षं ती भाजी निवडायला खाली बसत नाहीये, सुती सोडून दुसरं काही घालत नाहीये, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

उपचाराची सुरुवात साधी आहे. संबंधाच्या वेळी लावायचं ते लुब्रिकंट, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नुसतं ओलाव्यासाठी लावायचं ते व्हजायनल मॉइश्चरायझर, ही दोन वेगळी औषधं आहेत आणि दोन्ही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात. वासाचं, गरम करणारं, रंगाचं असलं काही घेऊ नका. खोबरेल तेल बऱ्याचजणी लावतात, बाहेरून बहुतेकींना चालतं, पण कंडोम वापरत असाल तर तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं हे लक्षात ठेवा.

क्रीमने कॅन्सर होतो. ही भीती कुठून आली ते सांगते. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातला १६ हजारांहून जास्त बायकांचा एक भाग २००२ मध्ये मधेच थांबवला, कारण हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला, वर्षाला १० हजार बायकांमागे साधारण ८ जास्त. जगभर बातम्या झाल्या आणि हार्मोन शब्दाचीच दहशत बसली. पण त्या पोटातून घ्यायच्या, दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळ्या होत्या आणि त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन हे वेगळं प्रकरण आहे, ते जिथे लावलं तिथे काम करतं, रक्तात फारच थोडं जातं, पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात एरवी असतं तेवढ्यातच पातळी राहते. तरी इतकी वर्षं क्रीमच्या डब्यातल्या कागदावर गोळ्यांचीच भयंकर सूचना छापून यायची आणि बायका तो कागद वाचून ट्यूब कचऱ्यात टाकायच्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेच, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेच, ही चौकटीतली मोठी सूचना काढायचं जाहीर केलं.

वापरायची पद्धत डॉक्टर सांगतील, साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. ॲप्लिकेटर, म्हणजे क्रीम आत सोडायची नळी, कुठल्या खुणेपर्यंत भरायचा ते तिथेच बोट ठेवून दाखवायला सांगा, लाजू नका, घरी जाऊन अर्धी ट्यूब एकदम भरणाऱ्या आणि मग घाबरून सोडून देणाऱ्या बऱ्याच भेटतात. आणि आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडू नका, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात. थांबवलं की त्रास परत येतो, कारण मूळ कारण गेलेलं नसतं.

दोन ठिकाणी मात्र सांभाळून. कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल तर आधी त्याची तपासणी. आणि स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, खासकरून त्यासाठी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलच्या गोळ्या चालू असतील, तर आधी बिनहार्मोनचे उपाय, आणि क्रीमचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

एक जाता जाता, लेझरने सगळं पूर्ववत करून देतो अशा जाहिराती आता शहरांत खूप दिसतात. एफडीएने २०१८ मध्येच अशा मशीनबद्दल इशारा दिला होता. एवढे पैसे घालवायच्या आधी दोनदा विचार करा.

तुरटीने धुवा. नको. तुरटी त्वचेतलं पाणी ओढून घेते, आणि इथे आधीच कोरडं पडलंय. मी चिरा पडलेली, सोललेली त्वचा घेऊन आलेल्या बायका बघितल्यात, विचारलं की तुरटी, डेटॉल, कडुनिंबाचा काढा यातलं काहीतरी निघतं. आतून काहीच धुवायचं नसतं. बाहेरून साधं कोमट पाणी पुरे.

आणि खाज आली की प्रत्येक वेळी फंगसच असतं असंही नाही, मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची, चार दिवस लावायची, परत खाज, परत ट्यूब, हे चक्र थांबवा. इस्ट्रोजेन कमी असताना फंगस उलट कमी होतं. सारखं होत असेल तर शुगर तपासा. डायबिटीसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि त्यामुळे खाली फंगस होऊ शकतं, आपल्याकडे या गोळ्या आता खूपजणी घेतात आणि दोन्हीचा संबंध कुणी सांगितलेला नसतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. रात्री झोप उडवणारी खाज आणि जागा पांढरट, पातळ, सुरकुतलेली दिसत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. फंगसची ट्यूब वर्षभर लावली तरी याला गुण येत नाही, याला स्टिरॉइडचं मलम लागतं, आणि क्वचित त्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणून नियमित दाखवत राहावं लागतं. हातात आरसा धरून एकदा स्वतःला बघा, त्यात वाईट काही नाही.

लघवी गळते तर पाणी कमी प्या. एसटीचं अर्ध तिकीट झाल्यापासून बायका मोकळेपणाने फिरायला लागल्यात, पण कितीतरीजणी निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, स्टँडवरच्या बाथरूमची अवस्था बघता त्यांचा दोष नाही. पण पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते, घाई उलट वाढते, इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ वर. चहा-कॉफी कमी करा, पाणी नको.

शिंकलं, हसलं, बादली उचलली की गळणं वेगळं आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सुटणं वेगळं, डॉक्टरांना नेमकं कुठलं होतं ते सांगा. पहिल्या प्रकाराला व्यायामाचा चांगला उपयोग होतो, आणि तो १९४८ मध्ये केगल नावाच्या डॉक्टरांनी मांडल्यापासून माहीत आहे. वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो तसं आवळायचं, पाच-सात सेकंद धरायचं, सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ढिल्या, आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. दुसऱ्या प्रकाराला लघवीची वेळ हळूहळू लांबवायची सवय आणि लागली तर औषधं आहेत.

सारखं सारखं लघवीचं इन्फेक्शन होत असेल तर तेच इस्ट्रोजेनचं क्रीम इथेही कामाला येतं. १९९३ मध्ये छापून आलेल्या इस्राएलमधल्या अभ्यासात क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं आणि औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेणाऱ्या प्रत्येकीने हे डॉक्टरांना विचारायला हवं. अंग बाहेर येत असेल तरी लगेच ऑपरेशनच असं नाही, योनीत आधाराची रिंग बसवून बऱ्याचजणींचं छान चालतं.

नवऱ्याजवळ जाऊ नये. हे दोघांनी ठरवायचं, ग्रुपने नाही. नको वाटत असेल तर नको, पण दुखतं म्हणून टाळत असाल तर दुखण्यावर इलाज आहे आणि तो वर लिहिलाय. नवरा नसला, संबंध नसले तरी जळजळ होतेच आणि उपचार तितकाच हक्काचा आहे. अजून एक, पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरायला सांगतात.

पिशवी काढून टाका. हे वाचलं की मला बीडच आठवतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाळीच्या, अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारींवर पिशवीच काढली जात होती, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनबद्दलच्या गाइडलाइन्स सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. एवढं होऊनही व्हॉट्सॲपवर हा सल्ला फुकट वाटला जातोय.

पिशवी काढून कोरडेपणा जात नाही, लघवीची जळजळ जात नाही, कारण ते इस्ट्रोजेनच्या कमतरतेचं आहे, पिशवीचं नाही. पाळी जायच्या आधीच पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर एका दिवसात मेनोपॉज येतो, त्रास जास्त तीव्र होतो, आणि लहान वयात झालं तर हाडं आणि हृदयालाही धोका वाढतो. कॅन्सर, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, खूप खाली उतरलेली पिशवी, अशी खरी कारणं असतात आणि तिथे ऑपरेशन जरूर करावं. पण कुणी काढा म्हटलं तर तीन गोष्टी विचारा, मला नक्की कुठला आजार आहे, ऑपरेशनशिवाय काय करता येईल, आणि अंडाशय ठेवणार का. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि सोनोग्राफी, बायोप्सीचे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, सरकारी रुग्णालयात दाखवलं तरी चालेल. तिथे गेलात की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीही मागून घ्या, सरकारी कार्यक्रमात ती ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे, म्हणजे पाळी गेलेल्यांसाठीही.