बिगर नोटिशीचा फेरफार

व्हिम नावाच्या, मजकूर लिहायच्या-बदलायच्या एडिटरला गप्प बसवायचं होतं, एवढंच. गावच्या सोसायटीच्या सभासद याद्या, ढीगभर फायली, त्यातले इंग्रजी आकडे देवनागरी करायचे. दर फाईलला शून्य ते नऊ असं दहा वेळा शोधा-बदला. स्क्रिप्ट चार ओळींची. पण बदल दोनाच्या वर गेले की हा एडिटर हिशोब सांगतो, फाईल सेव्ह केली की तेही सांगतो. सांगणं खालच्या एका ओळीत मावेना झालं की सगळं थांबवून म्हणतो, एंटर दाबा.

हे मी एकट्यानं सोसलं असतं. पण शेजारच्या काकांचा कूलर जळला होता आणि लातूरचं ऊन काही जळत नव्हतं, म्हणून रिटायर तलाठी माझ्या खोलीत, माझ्या खांद्याशी. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचत.

"हे युगांडाचं काय म्हणायलंय रे?"

फाईल न देता व्हिम उघडलं की बऱ्याचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं येतं. मी सांगितलं, ब्राम मोलेनार म्हणून डच माणूस, त्यानं १९९१ साली हे काढलं, फुकट वाटलं, आवडलं तर तिकडच्या पोरांना पैसे द्या म्हणाला. २०२३ मध्ये वारला.

"देवमाणूस," काका म्हणाले. मग जरा थांबून, "आपल्या पोरांसाठी कुणी काढलं नाही का असलं?"

शॉर्टमेस नावाच्या सेटिंगमध्ये कॅपिटल आय घातला की तो मजकूरही जातो. मी घालवत नाही. बाकीच्या बडबडीशी माझं भांडण आहे, त्याच्याशी नाही.

"एंटर दाब म्हणायलंय. दाबू का?"

"नका काका, स्क्रिप्टच बदलतो."

"अरे, कागदावर सही करा असं लिहिल्यावर करावी लागती!" आणि दाबलंच. पुढचा आला, तोही दाबला. चेहऱ्यावर थेट दप्तर परत मिळाल्याचा आनंद.

मी त्यांचा हात बाजूला करून कमांडच्या आधी सायलेंट लिहिलं.

"हे काय लिहिलास?"

"आता तो बदल करील, पण बोलणार नाही."

"मग नोंद कुठं बघायची?"

एरवी कोलन देऊन मेसेजेस लिहिलं की मागचं सगळं दिसतं. सायलेंटखाली झालेलं तिथंही येत नाही. हे मी सांगायला नको होतं.

काका खुर्चीतून उठले. "म्हणजे फेरफार केलास, आन् नोटीस नाही, नोंदबी नाही? आम्ही १५ दिवसांची नोटीस काढायचो. हरकत आली तर? चूक झाली तर?"

"चूक झाली तर बोलतो तो. सायलेंटपुढं उद्गारचिन्ह लावलं तरच चूकही गिळतो आणि तसाच पुढं चालू लागतो."

"आमचे साहेब!" काका ओरडले.

उद्गारचिन्ह मी लावलं नाही. एखाद्या यादीत सात हा आकडाच नसला तर सापडला नाही म्हणून बोंब होते. तिच्यासाठी शोधा-बदलाच्या कमांडच्या शेवटी इंग्रजी ई पुरतो. बॅकअपची, व्हिमच्या बाहेरची कमांड मात्र सायलेंटखाली चालली आणि पडदा विस्कटला. कंट्रोल-एल दाबलं की नीट होतो, पण काकांनी तो विस्कटलेलाच पाहिला.

"बघ. बिगर नोटिशीचं असंच होतंय."

खरं सांगतो, राग व्हिमचा नाही. त्याला निदान एका शब्दात गप्प करता येतं. फोनवर कर्ज घ्या म्हणणाऱ्या बाईला कुठलं सायलेंट लावू? उलट ज्यांनी बोलावं ते उद्गारचिन्हासकट मुके. लाईट जाते, कुणी सांगत नाही. नळाला पाणी आज की चार दिवसांनी, कुणी सांगत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथं एक ओळ छापली असती तर मी आनंदानं एंटर दाबला असता.

काका गेले ते खाली जिन्यात सगळ्यांना सांगत. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मावशी चहाची साखर मागायला म्हणून आल्या, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सातबाऱ्यावरचं नाव गुपचूप काढून देताव म्हणे. दिराचं आहे. किती घ्यायलाव?"