घोड्यावर फक्त भालाच? आधी कोणती आवृत्ती ते सांगा

पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा, कल्पनेतल्या साहसांचा खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कोथरूडच्या ग्रुपवरून तो बाणेरला जातो, तिथून विमाननगरला, आणि दर वेळी खाली दहा अंगठे जमतात. त्याचा सारांश असा: स्वाराने भालाच घ्यावा, कारण दौडत्या घोड्यावरून त्याचं डॅमेज (शत्रूला होणारी इजा) दुप्पट होतं. लगामाला एक हात लागतो, त्यामुळे दोन हातांची हत्यारं आणि धनुष्य बाद. रिकीब (पाय ठेवायची कडी) येईपर्यंत भाल्याची दौड जगात कुणालाच जमली नव्हती. आणि शेवटी ठसक्यात, "मराठ्यांनी हेच केलं, आपल्याला कोण शिकवणार?"

एवढ्या आत्मविश्वासाने लिहिलंय म्हणजे पुस्तक उघडलेलं नसणार, ही माझी पहिली शंका.

दुप्पट डॅमेजपासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्यावर उभा आहे. हा नियम खरा आहे, पण तो ३.५ आवृत्तीतला, म्हणजे २००३ सालचा. तिथे दौडत्या घोड्यावरून भाला मारला की दुप्पट, आणि 'स्पिरिटेड चार्ज' ही फीट (पात्राने निवडलेलं खास कौशल्य) असेल तर तिप्पट. आज पुण्यात बहुतेक टेबलं पाचवी आवृत्ती खेळतात आणि २०१४ च्या पुस्तकात भाल्यासाठी दुप्पटबिप्पट काही नाही. आहे ते इतकंच: बारा बाजूंचा फासा, दहा फुटांची पोहोच, पायी असताना दोन हात, घोड्यावर एक. शिवाय शत्रू पाच फुटांच्या आत आला की दोन फाशांतला लहान आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज! म्हणजे ज्या भाल्याला 'एकमेव हत्यार' म्हटलंय, तो गर्दी अंगाशी भिडल्यावर अडचणच होतो आणि कमरेची तलवार काढावी लागते. त्याच आवृत्तीच्या २०२४ मधल्या सुधारित पुस्तकात हे डिसअ‍ॅडव्हान्टेज काढलं. बदल्यात फासा दहा बाजूंचा झाला आणि शत्रूला आडवा पाडणारी 'टॉपल' मास्टरी (हत्याराची खास करामत) मिळाली. दुप्पट तिथेही नाही. पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत दौडीचा फायदा आहे, पण किती? हल्ल्याच्या आधीच्या अ‍ॅक्शनमध्ये किमान दहा फूट सरकला असाल, तर हत्याराचे जितके डॅमेज फासे तितकी भर. पहिल्या लेव्हलला फासा एक, म्हणजे भरही एक.

आणि ३.५ खेळत असाल तरी ही दुप्पट फुकट मिळत नाही. दौड सरळ रेषेत हवी, निदान दहा फुटांची हवी, आणि वाटेत वेग कमी करणारी जमीन नको. हे कलम डीएम (खेळ चालवणारी) मंडळी सर्रास विसरतात. पुणेकराला तरी ते समजावून सांगायला लागू नये. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांच्या पलटणीवर चालून गेलं आणि समोरच्या दलदलीत रुतलं. हत्यारं तीच, स्वार तेच, घोडे तेच. जमिनीने घात केला. तुमच्या नकाशावर चिखल, ओढा, उसाचं रान, काहीच नसेल तर प्रश्न भाल्याच्या नियमाचा नाही, नकाशाचा आहे.

आता लगाम. पाचव्या आवृत्तीत स्वाराचा एक हात लगामात अडकतो असं वाक्य कुठेही नाही. ३.५ मध्ये हा विचार केलेला आहे: पाळीच्या सुरुवातीला गुडघ्यांनी घोडा वळवायचा 'राइड' चेक (फासा टाकून घ्यायची परीक्षा), डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, फक्त ५. चुकला तरच त्या फेरीपुरता एक हात गुंततो. म्हणजे मांड पक्की असलेल्या स्वाराला दोन्ही हात मोकळे, हा नियम. एक हात हा अपवाद. मेसेजवाल्याने नेमकं उलटं करून ठेवलंय. निजामाने चित्रकार पाठवला तेव्हा पहिला बाजीराव घोड्यावर बसून दोन्ही तळहातांत ज्वारीचं कणीस चोळत दाणे खात चालला होता आणि भाला नुसता खांद्याला टेकलेला होता, ही आख्यायिका इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. खरी किती ते सोडा. सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना त्यात अशक्य काही वाटलं नाही, हे महत्त्वाचं.

(घोड्यावर भाल्याला एकच हात लागतो, हे वाचून 'ड्युअल विल्डर' फीट घेऊन दोन हातांत दोन भाले मागणारा खेळाडूही प्रत्येक ग्रुपात एक असतोच. २०१४ च्या नियमांत ते बसतं. देऊ नका एवढंच सांगतो.)

धनुष्याचं अर्धंच खरं. ३.५ मध्ये साधा लाँगबो (लांब धनुष्य) घोड्यावरून वापरता येत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय; पण शॉर्टबो (आखूड धनुष्य) चालतो आणि कंपोझिट (अनेक थर जोडून केलेला) लाँगबोसुद्धा चालतो. पाचव्या आवृत्तीत ही बंदीच उरलेली नाही. लांब धनुष्य घोड्यावर चालणं शक्यच नाही म्हणणाऱ्यांनी जपानी सामुराईंचं युमी बघावं: दोन मीटरहून लांब, आणि मूठ मध्यापेक्षा खाली.

रिकिबीचा मुद्दा मात्र भारदस्त वाटतो, कारण त्यामागे खराखुरा इतिहासकार आहे. लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये मांडलं की रिकिबीमुळेच युरोपात काखेत भाला दाबून धडक मारणारा स्वार तयार झाला आणि त्यातून सरंजामशाही उभी राहिली. बर्नार्ड बाक्राक या दुसऱ्या इतिहासकाराने १९७० मध्ये या मांडणीतले पुरावे एकेक करून तपासले आणि ती फारशी उभी राहिली नाही. मेसेजवाला तर व्हाइट यांच्याही पुढे गेलाय: रिकिबीआधी भाल्याची दौड नव्हतीच म्हणे! इसवी सन पूर्व ३३१ मध्ये गौगामेलाला अलेक्झांडरचे स्वार रिकिबीशिवाय भाले घेऊनच इराणी सम्राट दारयवौशाच्या सैन्यात घुसले होते. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे प्राचीन भटके सार्मेशियन स्वार तर आपला लांबलचक भाला दोन्ही हातांनी धरत, म्हणजे लगामाचा मुद्दा इथे पुन्हा एकदा पडतो. खेळातही भाल्याला रिकिबीची अट नाही. लष्करी खोगीर असलं की घोड्यावर टिकून राहायच्या चेकला दोन फाशांतला मोठा आकडा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज, विषय संपला.

राहिले मराठे. बांबूच्या दांड्याचा भाला हे त्यांचं आवडतं हत्यार होतं, यात वाद नाही. पण युरोपच्या चिलखती सरदारासारखं सरळ जाऊन आदळणं हा त्यांचा खाक्या नव्हता. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडलं ते चालीच्या वेगावर, भाल्याच्या टोकावर नव्हे. शिवाय शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या पैशाचा. मेला तर नुकसान त्याचं, त्यामुळे तो घोडा जपूनच वापरायचा.

आपल्या टेबलावर हा हिशेब कोणी करत नाही. वॉरहॉर्स (लढाऊ घोडा) ४०० मोहरांचा आणि त्याला हिट पॉइंट (किती इजा झेलेल तो आकडा) १९. फायरबॉल या आगीच्या मंत्राचं सरासरी डॅमेज २८. घोड्याचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की तुमचा भालाईत दुसऱ्या फेरीत पायी, आणि पायी भाल्याला दोन हात, म्हणजे ढालही गेली. स्वार करायचाच असेल तर आधी 'माउंटेड कॉम्बॅटंट' ही फीट घ्या: घोड्याला बसणारा वार स्वतःवर ओढता येतो, आणि घोड्याचा डेक्स्टेरिटी (चपळाईचा) सेव्ह जमला तर अर्ध्याऐवजी शून्य डॅमेज.

आणि पाचव्या आवृत्तीत घोड्याची खरी ताकद ज्यात आहे, ते या मेसेजात औषधालाही नाही. ताब्यातल्या घोड्याला डॅश (जादा धाव), डिसएन्गेज (अंग काढून घेणं) आणि डॉज (वार चुकवणं) एवढंच करता येतं. यातलं डिसएन्गेज घ्या. वेग साठ फूट: आत शिरा, वार करा, बाहेर पडा, कोणालाही ऑपर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावरचा फुकटचा वार) मिळत नाही. हातात तलवार असो, कुऱ्हाड असो, भाला असो. गनिमी काव्याच्या इतका जवळचा नियम पुस्तकात दुसरा नाही, आणि त्यात हत्याराचं नावसुद्धा येत नाही.

अर्थात हे सगळं उघड्या माळावर. तळघरात घोडा 'लार्ज' आकाराचा, दहा फूट रुंद. पाच फुटी बोळात तो अंग चोरून शिरला तर त्याच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि चाल निम्मी. तिथे हाफलिंगने (ठेंगण्या जमातीच्या पात्राने) २५ मोहरांच्या मास्टिफ कुत्र्यावर खोगीर घालावं. तो बोळात आरामात मावतो. फक्त त्याला हिट पॉइंट पाचच.