गाडी मिसिंग मारालीया

चेक इंजिनचा तो पिवळा दिवा गाडीवाल्यांनी नेमका कुणाच्या सोयीसाठी बसवलाय, हे मला आजवर उमगलेलं नाही. काटा गरमकडे गेला तर पाणी बघा, तेलाचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबा, एवढं ड्रायव्हिंग स्कूलचा पोरगाही सांगतो. हा बाबा मात्र इंजिनाचं चित्र दाखवून गप्प बसतो. काहीतरी बिघडलंय, काय ते तुमचं तुम्ही शोधा. त्यातही साहेबांच्या दोन तऱ्हा. नुसता लागून राहिला तर सवडीने गॅरेज गाठलं तरी चालतं. लुकलुकायला लागला तर मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, कारण सिलिंडरात न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळायला लागतो. नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकली की मग मालक लुकलुकतो.

आमची पेट्रोल सेडान २०१३ सालच्या शेवटाची. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे परतताना आंबा घाटाचा चढ लागला की ही बाई कण्हायला लागायची. सिग्नलला उभी असताना तर अशी थरथरायची की डॅशबोर्डवरचा अंबाबाईचा फोटो हळूहळू सरकत बायकोच्या बाजूला जायचा. "गाडी मिसिंग मारालीया," असं रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी न विचारता सांगितलं. मिसिंग म्हणजे चारपैकी एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नाही. तिघं राबतात, चौथा सरकारी सुट्टीवर.

निदानं मात्र फुकट आणि मुबलक मिळाली. मेहुण्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायचा उपाय सुचवला. तो मी नाकारला, तर म्हणाला, बॅटरीचं टर्मिनल काढून परत लाव, दिवा जातो. जातो खरा. गाडीच्या कॉम्प्युटरच्या डोक्यातले बिघाडाचे कोड पुसले जातात, त्याने शिकलेलं सगळं पुसलं जातं, आणि थोडं फिरून आलं की दिवा परत हजर. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना ही युक्ती फार प्रिय, कारण तेवढ्यात व्यवहार उरकतो.

शेजारचे काका म्हणाले, "सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचा." काकांची अख्खी हयात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. उसाच्या मळीतून निघालेल्या त्याच इथेनॉलच्या टँकरांवर त्यांनी सह्या ठोकल्या. पण निवृत्त झाल्यापासून त्यांचा पेट्रोलवरचा विश्वास उडालाय. गाडी झटके देवो, मायलेज पडो, नाहीतर काच खाली जायची बंद होवो, काकांचं उत्तर एकच.

मग एका चकचकीत दुकानात स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे ही पद्धत, म्हणजे ओबीडी-टू, यायला २०१३ उजाडलं. पोराने टॅब्लेट जोडला आणि दोन कोड वाचून दाखवले: पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि पी ०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग. इथपर्यंत ठीक. पुढच्या श्वासात त्याने ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल पंप, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या चारही कॉइल, चारही प्लग आणि इंजेक्टर अशी यादी सुरू केली. हिशेब त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडला, कारण पावतीपुस्तकात तो मावला नसता.

इथे माझं त्याच्याशी बिनसलं. कोडमध्ये तक्रार लिहिलेली असते, आरोपीचं नाव नसतं. सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुराचा वास घेऊन "हवा जास्त आहे" असं कळवतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. नातू वाळलेला दिसला की आजी ताटात आणखी एक पोळी टाकते, तसं. तरी वाळलेलाच? आणखी एक. साधारण पंचवीस टक्के जास्त वाढूनही पोराच्या अंगाला लागत नाही म्हटल्यावर आजी शेवटी डॉक्टरकडे धावते, तो हा पी ०१७१. आता यात डोळे बिघडलेत म्हणून पहिल्यांदा आजीचेच बदलायचे, हा कुठला न्याय? शिवाय दोन्ही कोड एकमेकांचे कान भरतात. सिलिंडर पेटला नाही तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि सेन्सर बिचारा ओरडतो, "हवा जास्त!" उलट हवा खरंच जास्त असेल तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. आधी कोण, हे कोड सांगत नाही.

मिसिंग ओळखायची रीतही गमतीची आहे. प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, एक ढकल मिळते. ज्याची ढकल आली नाही तिथे शाफ्ट किंचित मंदावतो, आणि तिथला सेन्सर नेमकं ते पकडतो. पण रस्ता खडबडीत असेल तर चाकांच्या हिसक्यांनीही शाफ्ट मागेपुढे होतो, म्हणून बऱ्याच गाड्या खराब रस्त्यावर ही मोजदाद थांबवतात. आमच्या भागातल्या रस्त्यांवर गाडीने मिसिंग पकडलं, यातच तिची चिकाटी दिसते.

मी एक ब्लूटूथचं खेळणं मागवलं आणि मोबाइलवर आकडे बघत बसलो. गाडी जागेवर नुसती चालू असताना कॉम्प्युटर चोवीस टक्के पेट्रोल जास्त वाढत होता. रेस देऊन अडीच हजार आरपीएमला धरली की आकडा सातावर. पंप किंवा फिल्टर दमला असता तर उलटं झालं असतं: जोर लागला की उपासमार वाढली असती. जागेवर जास्त आणि रेस दिल्यावर कमी, म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय. भोक तेवढंच, पण इंजिन हळू फिरताना एकूण हवाच थोडी असते, म्हणून चोरी मोठी दिसते.

हे सगळं मी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना रंगवून सांगितलं. त्यांनी मोबाइलकडे बघितलंही नाही.

"सायब, हवा घ्यालीय ही. हवा मोजायचा सेन्सर हितं फिल्टरपाशी. ह्येच्या म्होरं भोक पडलं की ती हवा हिशेबातच येत न्हाई." (ज्या गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डातला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला दाब मोजतात, त्यांचं गणित वेगळं. ते त्यांनी सांगितलं, पण तेवढ्यात चहा आला.)

आधी त्यांनी तीनची कॉइल दोनला आणि दोनची तीनला लावली. कोड तीनवरच ठाम, म्हणजे कॉइल निर्दोष. मग चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तिघांची चिनीमाती बिस्किटासारख्या रंगाची, तीन नंबरची पांढरीफटक. "बघा, ह्याला पेट्रोल पोचंना." मग पोऱ्याला दरडावलं, "ए, बिडी इझव," आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडा थोडा मारत गेले. एक, दोन, काही नाही. तीनच्या नळीखाली फवारा गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. थरथर क्षणभर थांबली. मिस्त्रींनी हात घालून चाचपलं आणि करंगळीच्या पेराएवढी एक काळी रबरी टोपी बाहेर काढली. मॅनिफोल्डवरच्या बिनकामाच्या तोटीला ती नुसती झाकण म्हणून असते. वरून पाहिली तर धडधाकट. चिमटीत दाबली तेव्हा बुडाशी चिरा उघडल्या, आणि त्यांतून पलीकडचा उजेड दिसला.

नवी टोपी वीस रुपयांची. मजुरी त्यांनी "बघा की, काय द्यायचं ते," म्हणून सांगितली, म्हणजे टोपीच्या कितीतरी पट. कॅलेंडरवरच्या हिशेबापुढे ती आनंदाने दिली. फोटो जागेवर राहायला लागला.

घरी येऊन कोड पुसले, चार दिवस गाडी चालवली आणि आकडा बघितला: जागेवरही अधिक सहा. काका फेरी मारायला आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"हे सहा कसले?"

खोटं बोलता येईना. निव्वळ पेट्रोलला एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेराच पुरते. जुन्या गाडीचा कॉम्प्युटर मग कायम थोडं पेट्रोल वाढून देतो.

"इथेनॉलचे," मी म्हणालो.

काका पुढचं काही ऐकायला थांबलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत बातमी होती की आमच्या गाडीचा बिघाड काकांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता.