कराडच्या दादांच्या कमेंटला उत्तर (जरा मोठं झालंय)

दादा, कमेंट वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय. तुमचं म्हणणं असं की सासूबाईंच्या आजारपणावरच्या लेखात मी उगाच पुरुषांना झोडपलं, तुम्ही स्वतः वडलांचं चौदा महिने डायपरपासून नाकातल्या नळीपर्यंत सगळं केलंय, आणि सेवा ही सेवा असते, त्यात बाई-पुरुष कशाला. वर आकडे कुठायत म्हणून विचारलंय.

मुलगासुद्धा करतो हे मी लिहिलंच नव्हतं, ती चूक माझी. आणि तुमचे साहेब रजा मागितली की "घरात बायका नाहीत का?" म्हणायचे, ते वाचून वाईट वाटलं. पण मी तेच तर म्हणतेय ओ! मला हा प्रश्न कुणी विचारला नाही, मला विचारलं, "मग नोकरी कशाला करतीस?"

आकडे म्हणाल तर २०२४ च्या सरकारी वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरच्या माणसांचं करताना दिसल्या आणि पुरुष २१.४ टक्के, आणि जे करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. यात लेकराबाळांचं करणंही धरलंय, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांपुरतं किती ते यातून निघत नाही.

आता घरातलं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, मिरजेत ऍडमिट होत्या, मग सांगलीला घरी आणलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीपण. आमचे हे करायला तयार होते, खरंच होते, पण पोरानं लुगड्याला हात लावला की त्या तोंड भिंतीकडं करून रडायच्या. मग यांच्याकडं काय आलं, तर औषधं, बिलं, फिजिओला आणणं-सोडणं. म्हणजे जे चारचौघांना दिसतं ते. यात यांचा काय दोष? काहीच नाही. तुमचं वडलांचं होतं, बाप-लेकाचं, तिथं ही अडचण आली नसेल. आई असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा एकदा.

आणि नणंद तासगावहून रविवारी यायची, आईच्या गळ्यात पडून रडायची आणि मला सांगायची भात अजून मऊ कर. मला असा राग यायचा की बास.

पण दादा, जे मी लेखात लिहायला कचरले ते आता लिहिते. माझी आई कोरेगावला अंथरुणावर होती तेव्हा मीपण तेच केलंय. आठ दिवस जायचे, सफरचंदं घेऊन, आईची वेणी घालायचे, आल्यागेल्याला दिसायचं, लेक बघा कशी गुणाची. आणि दोन वर्षं तिचं सगळं काढणारी माझी वहिनी आत चहा टाकत असायची. तिलाही मी शिकवलंय, पावडर नीट लावत जा म्हणून. हात तेच, काम तेच, पण माहेरी कौतुक आणि सासरी हिशेब. म्हणून म्हणते नुसतं बाई-पुरुष नाही, कोण कुणाची कोण लागते त्यावर सगळं ठरतं.

गंमत म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईबापाला सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे, सून त्यात नाहीच. सून-जावयाला त्यात घ्यायचं विधेयक २०१९ ला आलं होतं. म्हणजे कायद्यानं कोरेगावात जबाबदारी माझी होती, वहिनीची नव्हती. मी हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मला वाटलं, चला, तेही सुटलं. असं सुटत नसतं म्हणे.

तुम्हाला गावानं श्रावणबाळ म्हणलं असं तुम्ही लिहिलंय. म्हणूदेत, तुम्ही कष्ट काढलेत. फक्त त्याच कमेंटमध्ये "मिसेसची थोडीफार मदत होती" असंही लिहिलंय. त्या नळीतून जायची ती पेज, ते गाळलेलं वरण, दिवसातून पाच-सहा वेळा, चौदा महिने, कोण करत होतं? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

तुमची कमेंट वाचल्यावर मी वहिनीला फोन केला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हणलं, वहिनी, आईच्या वेळी मी तुला फार बोलले गं. ती म्हणाली, कुकर लावलाय ताई, नंतर करते. अजून आलेला नाही फोन.