कप सांगू नका, मोजून घ्या : फोंड्याच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

‘सर्जनकडे जाताना कप साइझ सांगू नका’ या माझ्या लेखावर तुम्ही खूप चिडून लिहिलंय. इतरांनी ते वाचलं नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमच्या बहिणीला ३४ बी ब्रा लागायची. स्तन मोठे करून घ्यायला तिने सर्जनना ‘सी करा’ सांगितलं, त्यांनी ३२५ सीसीचे इम्प्लांट, म्हणजे स्तनांत ठेवायच्या भरलेल्या पिशव्या, बसवले. ऑपरेशनला दोन महिने झालेत आणि आता एका दुकानात तिला ‘३२ डबल डी लागेल’ असं सांगितलं. सी मागितला आणि डबल डी पदरात पडला. वर माझ्यासारखी बाई लिहिते की कप सांगूच नका, म्हणजे डॉक्टरांना रान मोकळं! शिवाय असले विषय मराठीत लिहून मी गोव्यातल्या मुलींना भरीला घालते, असंही तुमचं म्हणणं आहे.

दोन्ही आरोपांना उत्तर देते. पहिल्याला सविस्तर, कारण त्यात तुमच्या बहिणीच्या पुढच्या निर्णयाचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. म्हापशात माझं अंतर्वस्त्रांचं दुकान आहे आणि टेप घेऊन माप घेणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा कुठली ब्रा कुठे टोचते, कुठे पोकळ राहते ते मी जवळून बघते. त्यावरून ठामपणे सांगते की सर्जनला रान मोकळं मिळतं ते अक्षर सांगितल्यामुळेच. ‘सी’ कसाही ताणता येतो. सेंटिमीटर आणि सीसी कागदावर लिहून घेतले की ताणता येत नाहीत.

आता आकडे बघू. ब्रेच्या साइझमधला आकडा म्हणजे पट्टी, छातीखालचा घेर. अक्षर म्हणजे त्या घेरात आणि स्तनांवरून घेतलेल्या घेरात किती इंचांचा फरक आहे ते. एक इंच म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डबल डी. म्हणजे नुसत्या ‘सी’ला काही माप नाही. पट्टी बदलली की त्याच अक्षराचा कप लहान-मोठा होतो. ३४ बी आणि ३२ सी यांच्या कपात मावणारा भाग जवळजवळ सारखाच. तसंच ३२ डबल डी आणि ३४ डी. त्यामुळे तुमच्या बहिणीच्या जुन्या पट्टीत हिशोब केला तर ती बीवरून डबल डीवर गेलेली नाही, बीवरून डीवर गेली आहे. तीन कप नव्हे, दोन.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. पुष्कळ दुकानांत अजूनही छातीखालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून पट्टी काढतात. तीस इंच घेराच्या बाईला ३४ची पट्टी देतात, ती मागून वर चढते आणि कप लहान वाटतो. वर्षानुवर्षं अशी ब्रा घालणाऱ्या बाईला स्वतःचं खरं अक्षर ठाऊकच नसतं. मग ‘बीची सी करा’ या मागणीतलं पहिलं अक्षरही चुकीचं असतं आणि दुसरंही.

इम्प्लांट कपावर विकले जात नाहीत. ते सीसीत येतात, म्हणजे मिलिलिटरमध्ये, आणि प्रत्येकाला स्वतःची रुंदी आणि उंची असते. ढोबळमानाने एक कप वाढायला दीडशे ते दोनशे सीसी लागतात. बारीक अंगाच्या बाईला कमी, रुंद छातीच्या बाईला जास्त. माझ्याकडे येणाऱ्यांत तीनशे सीसीचे इम्प्लांट असूनही एकीला ३६ सी व्यवस्थित बसते आणि दुसरीला ३२ डबल डीसुद्धा काखेत रुतते. दोघींनी सारखंच सामान घेतलंय, छाती वेगळी आहे.

आता ३२५ला या हिशोबात बसवा. दोन कप, किंवा थोडं कमी. तुमच्या बहिणीला खरोखर एकच कप वाढवायचा होता, तर ३२५ तिच्यासाठी जास्त होते आणि हे ऑपरेशनआधी तिला स्पष्ट सांगायला हवं होतं. तुमच्या रागातला हा भाग रास्त आहे आणि इथे मी डॉक्टरांची बाजू घेत नाही. उलट जो सर्जन ‘सी ना? ठीक आहे’ म्हणून तारीख देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊच नये असं माझं मत आहे. शिंप्याकडे ब्लाउज टाकतानासुद्धा आपण ‘मध्यम शिवा’ म्हणत नाही.

चांगला सर्जन आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजतो. ती किती सेंटिमीटर आहे यावर इम्प्लांट किती रुंद चालेल ते ठरतं. रुंदीपेक्षा मोठा बसवला तर कडा बाजूला काखेकडे नाहीतर मधे येतात. मग कातडी किती ताणते ते बघतो. वरच्या भागात चिमटीत किती जाडी येते तेही बघतो. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट सहसा स्नायूखाली ठेवतात, नाहीतर कडा दिसतात, सुरकुत्या उमटतात. शिवाय स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर मोजतो. डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ साली अशा पाच मोजमापांवरून निर्णय घेण्याची पद्धत मांडली. तिचं सगळं शास्त्र आपल्याला कळायची गरज नाही. पण आपल्याला टेप किंवा कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावला गेला का, हे तर कळतंच ना?

प्रोफाइलही विचारा, म्हणजे इम्प्लांट किती पुढे येतो ते. तोच ३०० सीसीचा इम्प्लांट कमी प्रोफाइलचा असेल तर साधारण तेरा सेंटिमीटर रुंद आणि पसरट असतो, हाय प्रोफाइलचा असेल तर अकराच्या आसपास रुंद आणि पुढे आलेला. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. अरुंद छातीच्या बाईला रुंद इम्प्लांट घातला की काखेशी भरतो, पुढे आलेला घातला की टेपवरचा फरक वाढतो आणि अक्षर झपकन वर चढतं. म्हणून ‘३२५’ हा आकडा एकटा अर्धीच माहिती देतो. तुमच्या बहिणीला मिळालेलं कार्ड काढून बघा. त्यावर कंपनीचं स्टिकर असतं. त्यात सीसी, मॉडेल आणि लॉट नंबर असतात. कार्ड दिलेलंच नसेल तर ते हॉस्पिटलमधून मागून घ्या. तो तिचा हक्क आहे आणि पुढे कधी इम्प्लांट कंपनीने परत बोलावला तर तेच कामाला येतं.

मग डॉक्टरांना सांगायचं तरी काय, हा तुमचा खरा प्रश्न. दिसायला काय हवं ते सांगा. वरचा भाग भरलेला हवा की नैसर्गिक उतार हवा, साडीच्या ब्लाउजात कसं बसावं, कामाला, धावायला, स्कूटर चालवायला काय अडचण नको. आपल्यासारख्याच अंगकाठीच्या बायकांचे फोटो घेऊन जा. आणि मग विचारा : माझ्या तळाची रुंदी किती सेंटिमीटर? त्यात जास्तीत जास्त किती सीसीचा बसेल? तुम्ही कुठला सुचवता आणि का? हे लिहून घ्या. तीन-चार साइझचे नमुने ब्रेमध्ये ठेवून, वर टी-शर्ट चढवून आरशात बघू देतील तर उत्तम.

घरी तांदळाचा प्रयोग करता येतो. गुडघ्यापर्यंतच्या पातळ मोज्यात मापाच्या भांड्याने तांदूळ भरायचे, गाठ मारायची, पॅड नसलेल्या ब्रेमध्ये ठेवायचं आणि दिवसभर घरात वावरायचं. माप आकारमानाचं आहे, म्हणून उकडे असोत की सुरय, फरक पडत नाही. तीनशे मिलिलिटर तांदूळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतात. सिलिकॉनचा तेवढाच इम्प्लांट तीनशे ग्रॅमच्या जवळ. दोन्ही बाजू धरल्या तर अर्ध्या किलोच्या वर वजन होतं. जिने चढून बघा, पालथं झोपून बघा. रुंदीबद्दल या पोटल्या काही सांगत नाहीत, त्या ब्रेमध्ये पसरतात. पण अमुक इतकं ओझं आपल्याला रोज झेपेल का, हे त्या सांगतात. माझ्याकडच्या काहीजणींनी एवढ्यावरच आकडा खाली आणला.

मोठं घेऊन टाकू, पुन्हा पुन्हा थोडंच ऑपरेशन करायचंय, असा विचार करणाऱ्यांना मी कळकळीने अडवते. आकार जितका मोठा तितकी कातडी ताणते, आतला भाग पातळ होतो आणि इम्प्लांट घडीच्या खाली घसरण्याची शक्यता वाढते. शिवाय इम्प्लांट जन्मभराचा नाही. कधी ना कधी काढावा किंवा बदलावा लागेल, हे धरून चालायचं.

तुमच्या बहिणीने आत्ता काय करावं ते सांगते. दोन महिन्यांत घेतलेल्या मापावर काही ठरवू नका. सुरुवातीला सूज असते, स्नायू आवळलेला असतो, इम्प्लांट वर चढलेला असतो आणि वरचा भाग फुगीर दिसतो. खालचा भाग सैल होऊन तो जागेवर बसायला तीन ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. तोवर सर्जनने सांगितलेली मऊ, पुढून हूक असलेली ब्रा वापरावी. तारेची ब्रा सर्जन हो म्हणेपर्यंत नको. घडीतून चीर घेतली असेल तर तार नेमकी त्या ताज्या वणावर येते. मागे एकजण अशीच घाईने तारेची ब्रा घालून आली होती. तार काढल्यावर वणावर लाल रेघ उमटली होती आणि बाजूला कातडी सोलवटली होती. तिला मी ब्रा विकली नाही, सर्जनकडे पाठवलं. पण तुमच्या बहिणीचं दुखणं वाढलं, एक बाजू अचानक सुजली, लाल किंवा गरम झाली, ताप आला, तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

सहा महिन्यांनी जी ब्रा बसेल तीही जुन्यासारखी बसणार नाही, हे तिला आधीच समजावून ठेवा. नैसर्गिक स्तन मऊ असतो, कपात ओतल्यासारखा जाऊन बसतो. इम्प्लांट असलेला स्तन स्वतःचा आकार सोडत नाही, कपाने त्याच्याजवळ जावं लागतं. साच्यातला पॅडेड कप म्हणूनच वर पोकळ राहतो किंवा मधोमध कापतो. बायकांना वाटतं साइझ चुकली, आणि त्या अक्षर वाढवत राहतात. आधी कपाचा प्रकार बदलून बघावा : शिवणीचा, ताणणाऱ्या कापडाचा, रुंद तारेचा. दोन स्तनांमधे अंतर राहिलं असेल तर मधला भाग छातीला टेकतो की नाही ते बघावं. पट्टी घट्ट हवी, वजन तिने उचलायचं असतं, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. पट्टीचा आकडा ऑपरेशनने सहसा बदलत नाही. ती ३२ म्हणून आली असेल तर बहुतेक आधीही ३२च होती आणि ३४ सैल घालत होती.

आपल्याकडची हवाही लक्षात घ्या. खालची घडी खोल झाली की तिथे घाम साचतो, मे महिन्यात पुरळ येतं, पावसात ब्रा वाळत नाहीत आणि दमट ब्रा तशीच अंगावर जाते. आतून सुती अस्तर असलेल्या तीन-चार ब्रा आलटूनपालटून वापराव्यात. पॅडेड एकच महागडी घेण्यापेक्षा हे बरं.

आता दुसरा आरोप, मुलींना भरीला घालण्याचा. ताई, ज्या मुली हे करतात त्या माझा लेख वाचायच्या आधीच ठरवून आलेल्या असतात. इंग्रजीत, व्हिडिओत सगळं आहे, फक्त तोटे नीट कुणी सांगत नाही. गोव्यात सुट्टी आणि ऑपरेशन एकत्र, अशा जाहिराती तर तुम्हीही बघितल्या असतील. समुद्रकिनाऱ्यावर ताज्या टाक्यांनी जायचं नसतं आणि काही बिघडलं तर ऑपरेशन करणारे डॉक्टर गाठता आले पाहिजेत, हे त्या जाहिरातीत नसतं. म्हणून इथली मुलगी मुंबईला, बेळगावला जाणार असेल तरी मी पहिल्यांदा विचारते, टाके बघायला कुणाकडे जाणार? आणि त्यांची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी बघितलीस का?

धोक्यांबद्दलही मी लिहिलंय. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट लिम्फोमाच्या एका दुर्मीळ प्रकारामुळे, म्हणजे एका कॅन्सरमुळे, जगभरातून परत घेतले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इम्प्लांटवर चौकटीतला कडक इशारा सक्तीचा केला. सिलिकॉनचा इम्प्लांट फुटला तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असा त्यांचा सल्ला आहे. मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) करताना तंत्रज्ञाला इम्प्लांट आहेत हे आधी सांगावं लागतं. हे सगळं मराठीत लिहिलं तर आयांना, मावश्यांना, तुमच्यासारख्या बहिणींना कळतं, आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला काय विचारायचं ते ठाऊक असतं. कॅन्सरमुळे स्तन गमावलेल्या बायकाही हेच वाचतात, त्यांनाही माप कळायला हवं. आणि माझ्याकडे ‘लहान आहेत’ म्हणून रडवेल्या होऊन आलेल्या कितीतरी मुली नीट बसणारी ब्रा घालून, ऑपरेशनचा विचार सोडून गेल्या आहेत.

बहिणीला सहा महिने झाले की म्हापशाला घेऊन या. शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी, बाजाराच्या गर्दीत निवांत माप घेता येत नाही. येताना इम्प्लांटचं कार्ड, सर्जनचा कागद आणि ती सध्या वापरते ती मऊ ब्रा आणा. पातळ, पॅड नसलेली ब्रा अंगात असू दे. त्यानंतरही आकार तिला नकोसा वाटला, तर दुसरं मत घ्यायला कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं, ते आपण बसून लिहून काढू.