चार गट, पण कप्पे वेगळे नाहीत

सजीवांतल्या जैवरेणूंच्या चार गटांवरचा तुमचा लेख आवडला. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि न्यूक्लिइक आम्ले यांची ओळख सोपी झाली आहे. फक्त स्निग्ध पदार्थांना ‘साठवलेली ऊर्जा’ म्हणून एका ओळीत उरकलंत, ते पटलं नाही. प्रत्येक पेशीचं आवरण फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचं असतं, आणि बदनाम कोलेस्टेरॉलपासूनच कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन ही संप्रेरकं (हॉर्मोन्स) तयार होतात!

दुसरं म्हणजे हे गट एकमेकांत किती गुंतलेत, त्यासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण हवं होतं. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे. डीएनए या न्यूक्लिइक आम्लात एकच अक्षर बदलतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे हिमोग्लोबिन या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १४६ अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) साखळीत एवढाच फरक. पण व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारं, म्हणून ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मग बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात. हा ‘रेणूचा आजार’ आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं.

पुढचा भाग विकरांवर (एन्झाइम्सवर) येऊ द्या.