सिक्युरिटीत जागा आहे, चालेल का?

चार महिन्यांत सातवा इंटरव्ह्यू आणि सातव्यांदा तेच वाक्य. "तुम्ही आर्मीतले ना? मग सिक्युरिटीत जागा आहे, चालेल का?"

नाही चालणार! अर्ज मेंटेनन्ससाठी केला होता. त्यात स्वच्छ लिहिलंय: हवालदार, ईएमई (सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), व्हेइकल मेकॅनिक, २४ वर्षं. १९ व्या वर्षी भरती झालो, सिकंदराबादला ट्रेड शिकलो, ४३ व्या वर्षी घरी आलो. एक पोरगी दहावीला, एक पोरगा डिप्लोमाला. माझं वय रिकामं बसायचं आहे का?

लेहला थंडीत पहाटे चार वाजता स्टॅलियन, म्हणजे सैन्याचे ट्रक, चालू करून दिल्यात मी. हातमोजा घातला तर नट पकडता येत नाही आणि काढला तर पान्याला कातडी चिकटते. तरी सहाला कॉन्व्हॉय निघायचा म्हणजे निघायचाच. पार्ट आला नाही, माणूस कमी आहे, ही कारणं तिथं कुणी ऐकून घेत नाही. आणि इथं मला सांगतात, "तुम्हाला इंडस्ट्रीचा अनुभव नाही."

परवाचंच सांगतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत बाकावर बसलो होतो. लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. आवाज सारखा वर-खाली, वर-खाली. बसल्या जागी कळलं की डिझेलचा फिल्टर चोक झालाय, नाहीतर लाइनमध्ये हवा धरलीय. दहा मिनिटांत आत बोलावलं. समोरच्या पोरानं माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातल्या नोकरीचं नोंदपुस्तक, दोन बोटांनी चाळलं, ट्रेडच्या पानापर्यंत गेलाच नाही, आणि म्हणाला, "सर, गेटवर तुमच्यासारखा डिसिप्लिनवाला माणूस पाहिजेच होता. बारा तास ड्युटी." बाहेर तो जनरेटर तसाच बोंबलत होता.

गार्डचं काम हलकं नाही. माझे बॅचमेट करतात, उन्हापावसात उभे राहतात, त्यांना सलाम. पण ज्यानं आयुष्यभर इंजिनं उघडली त्याच्या हातात रजिस्टर आणि शिट्टी का देता? सैन्याचं दळणवळण सांभाळणाऱ्या सिग्नल्समधल्याला तेच, क्लार्कला तेच, नर्सिंग असिस्टंटलाही तेच. वर्दी दिसली की यांना फक्त गेट दिसतं.

पगाराचं बोलणं निघालं की, "तुम्हाला पेन्शन आहे ना, मग एवढे कशाला?" अरे, पेन्शन माझ्या २४ वर्षांची आहे, तुमच्या कंपनीच्या खिशातून येत नाही! शेजारच्या टेबलावरच्या माणसाची शेती आहे, दोन गाळे भाड्यानं दिलेत, त्याचा पगार कुणी कापतं का? आणि कामावर लागलेल्या माझ्या मित्राला पहिल्याच आठवड्यात साहेबांनी काय विचारलं, तर मिलिटरी कँटीनमधून दारूच्या दोन बाटल्या जमतील का!

सरकारी भरतीत निदान नियम तरी आहे. राज्याच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच धरलेलं. जागा निघायला वर्षं लागतात ते वेगळं. खासगीत तर सगळा कारभार त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर. त्याला नायक आणि नायब सुभेदार या हुद्द्यांतला फरकही कुणी शिकवलेला नसतो.

२०२२ ला अग्निपथ योजना आली, पोरं अग्निवीर म्हणून भरती व्हायला लागली. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं आत राहणार, बाकीची पंचविशीच्या आसपास घरी. आमच्या सातारा जिल्ह्यात गल्लीगल्लीतून पोरं गेलीत. त्यांना तर पेन्शनही नाही, मग त्यांनाही हेच गेट दाखवणार का?

मला शाल नको, नारळ नको, १५ ऑगस्टला पहिल्या रांगेतली खुर्ची नको. पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा त्या बोंबलणाऱ्या जनरेटरपाशी न्या, पाना द्या, अर्धा तास द्या. जमलं नाही तर मी स्वतःहून परत जाईन.